आधी शपथ कुणाची

समारंभवाल्याचा फोन आला तेव्हा धाकटी कार्यालयातलं आपलं कपाट रिकामं करत होती. काम संपलं होतं. देशाची राज्यघटना लिहून झाली, मंजूर झाली, छापून आली. घटनासभेचे सभासद एकत्र फोटो काढून आपापल्या गावी गेले, आणि उद्या सकाळी नवं राज्य सुरू व्हायचं होतं. कपाटात उरलं होतं ते म्हणजे सुकलेली पेनं, एक जुनी शाल आणि बिस्किटांचे रिकामे डबे.

धाकटी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. पण आई रोज कार्यालयात फोन करून "धाकटी आहे का जागेवर?" असं विचारायची, आणि फोन उचलणाऱ्या शिपायापासून घटनासभेच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. केस पिकायला लागलेली, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढणारी, राज्यघटनेतला सर्वोच्च न्यायालयाचा अख्खा भाग जिनं लिहिला ती बाई सगळ्या राजधानीत धाकटी. आता बोला.

"ताई, एक बारीकशी अडचण आहे," समारंभवाला म्हणाला. उद्याच्या शपथविधीची मांडामांड याच्याकडे होती. नवं राज्य म्हणजे त्याच्या लेखी सतरंज्या, कर्णे आणि खुर्च्या. "राष्ट्राध्यक्ष शपथ घेणार ती कुणासमोर?"

"सरन्यायाधीशांसमोर. राष्ट्राध्यक्षांच्या भागात आहे, बघा."

"बघितलं. आणि सरन्यायाधीश?"

"राष्ट्राध्यक्षांसमोर. ते माझ्या भागात आहे."

"तेही बघितलं. मग आधी कोण?"

"आधी म्हणजे?"

"म्हणजे आधी राष्ट्राध्यक्षांना उभं करावं, तर शपथ द्यायला सरन्यायाधीश अजून झालेल्याच नाहीत. आधी त्यांना उभं करावं, तर राष्ट्राध्यक्ष झालेले नाहीत. मला बाकीचं काही कळत नाही ताई, खुर्च्या कुठं मांडायच्या तेवढं सांगा."

धाकटीच्या हातातली शाल खाली पडली. "सांगते थोड्या वेळानं," असं काहीतरी पुटपुटून तिनं फोन ठेवला आणि कपाटाला टेकून उभी राहिली.

हे झालं कसं ते सांगायला हवं, कारण अशी चूक करायलाही फार शिकलेली आणि फार सभ्य माणसं लागतात. मसुद्याच्या कार्यालयाचा नियम होता: एक माणूस, एक भाग, एक खोली. ज्याचा भाग दुसऱ्याच्या भागाला लागून असेल, त्यानं तो वाचून खाली सही करायची. राष्ट्राध्यक्षांचा भाग लिहिणारा गृहस्थ बरोबर तिच्या डोक्यावरच्या खोलीत बसायचा, म्हणून तो वरचा. या दोघांची पहिली दोन वर्षं भांडणात गेली. न्यायाधीश कुणी नेमायचे, त्यांना काढायचं कुणी, त्यांचा पगार कुणाच्या हातात राहील, एकेका ओळीवरून जिन्यात उभं राहून तंटे झाले. तो म्हणायचा, "तुमच्या कोर्टाकडे फौज नाही, तिजोरी नाही, आणि थाट केवढा." ती म्हणायची, "म्हणूनच तर लिहून ठेवायला हवं." शेवटी समेट झाला. नेमणूक राष्ट्राध्यक्षांनी करायची पण न्यायाधीशांना विचारून, आणि एकदा बसलेल्या न्यायाधीशाला उठवायचं तर संसदेतल्या दर तिघांपैकी दोघांनी हात वर करायला हवेत. समेटानंतर दोघं एकमेकांशी इतकी गोड वागायला लागली की विचारू नका. त्यानं मोठ्या मनानं शपथ देण्याचा मान तिच्या सरन्यायाधीशांना दिला. तिनंही उपकार ठेवला नाही, तोच मान त्याच्या राष्ट्राध्यक्षांना दिला. दोघांनी एकमेकांचे भाग वाचले, आपला मान पाहून सुखावले आणि सही केली. भांडत होती तोवर एकही चूक सुटली नव्हती. गोडीगुलाबीत ही एवढी मोठी सुटली.

ती जिना चढून वर गेली. वरचा खिडकीतली रोपांची कुंडी वर्तमानपत्रात गुंडाळत होता. तिनं दोन्ही कलमं त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. त्यानं वाचली, पुन्हा वाचली, आणि कुंडी मांडीवर घेऊन बसला.

"तुम्ही माझा भाग वाचला होतात," तो म्हणाला.

"आणि तुम्ही माझा."

"घटनासभेला परत बोलावलं तर?"

"सभा विसर्जित झाली. मंजुरी झाली की सभा संपली, असं आपणच लिहिलंय."

"मग संसद दुरुस्त करील."

"संसदेला शपथ कोण देणार? राष्ट्राध्यक्ष."

त्यानं कुंडी खाली ठेवून दार लोटून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "हे बाहेर गेलं तर समारंभ लांबणीवर जाणार. आज राज्य करतंय ते हंगामी मंडळ तसंच बसून राहणार. त्यांना तर आनंदाच्या उकळ्या फुटतील. आणि बाहेर नाही गेलं, तर दोघं उभे राहतील, शपथा होतील, टाळ्या पडतील. कुणाला काय कळतंय?" त्यानं तिच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. "तुमचा दादा आत आहे. गप्प बसा. मीही गप्प बसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्यानं दादाचं नाव काढलं नसतं तर बरं झालं असतं. फोन ठेवल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

दादा पाणीखात्यात फिटर. हात जितका चालायचा तितकंच तोंडही. एका सभेत उभा राहिला आणि म्हणाला, शहराच्या नळात गटाराचं पाणी शिरतंय, मी स्वतः पाइप उघडून बघितलंय, साहेबांना सांगून सांगून थकलो. खरंच होतं ते. त्याच आठवड्यात माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. आरोप नाही, खटला नाही, "पुढील आदेशापर्यंत" एवढे दोन शब्द. हंगामी मंडळाच्या राज्यात अशा आदेशाला "का" विचारायची सोय कुठल्याच कोर्टात नव्हती.

ती सोय धाकटीनं लिहिली होती, आणि दादाला पकडायच्या कितीतरी आधी लिहिली होती. कोंडून ठेवलेल्या कुठल्याही माणसाला, किंवा त्याच्या वतीनं कुठल्याही नातलगाला, थेट सर्वोच्च न्यायालयाकडे येता येईल, आणि न्यायालय विचारील की याला का कोंडलं आहे. एक सभासद नाक मुरडून म्हणाले होते, फारच साधी भाषा आहे हो. ती म्हणाली, कोंडलेल्याच्या आईला कळायला हवी ना. तेव्हा तिला काय ठाऊक, ती आई आपलीच निघेल.

आईचा अर्ज तयार होता. न्यायालय उघडलं की पहिल्याच दिवशी पहिला. घाई अशासाठी, की तुरुंगातून पुढची तुकडी वाळवंटातल्या छावणीत हलवायची होती आणि दादा त्यात होता. तिकडे गेलेल्याचं पत्र येत नाही, भेट मिळत नाही. त्याचा खोकला मागच्या भेटीत जाळीतूनही ऐकू आला होता. समारंभ पुढे गेला तर दादा गेला, इतकं सरळ होतं ते.

रस्त्यानं चालताना ती स्वतःशीच वाद घालत होती. गप्प बसू. कुणी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. पण मग उद्या-परवा कुणी हुशार माणसानं ही भानगड शोधून काढली तर? ज्या न्यायालयानं दादाला सोडलं ते न्यायालयच नव्हतं, असं म्हणून ते त्याला पुन्हा उचलतील. त्याच्यामागून सुटलेल्या सगळ्यांना उचलतील. आणि उद्या सरन्यायाधीश होणाऱ्या ज्या बाईंच्या गळ्यात आपण हे घालतोय त्यांना काहीच माहीत नसेल, त्या भर कोर्टात तोंडघशी पडतील. पाय घराकडे वळायला हवे होते ते तिसऱ्याच गल्लीत वळले.

थोरल्या बाई म्हणजे उद्याच्या सरन्यायाधीश. उंचीनं शाळकरी मुलीएवढ्या, आवाज मात्र खणखणीत. सगळी हयात लहान गावांतल्या कोर्टांत गेलेली. शिंप्यानं सरन्यायाधीशांचा झगा शिवला तो सरन्यायाधीश म्हणजे कुणी सहा फुटी पुरुष असणार हे धरून, आणि आता बाई तो झगा मांडीवर घेऊन खालची शिवण स्वतः उसवून वर घेत होत्या. तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी हातानं "बोल" अशी खूण केली.

धाकटीनं सांगितलं. बाई एकेक टाचणी तोंडातून काढून उशीला टोचत गेल्या.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, वरच्यांना. आणि समारंभवाल्याला, पण त्याला काय, खुर्च्यांचंच पडलंय."

"ज्याला खुर्च्यांचं पडलेलं असतं तो चार ठिकाणी विचारत फिरतो," बाई म्हणाल्या. "तू लपवलं असतंस तरी लपलं नसतं."

"बाई, आणखी एक सांगायचं होतं. माझा भाऊ—"

"थांब." बाईंनी हात वर केला. "उद्याचं बोललीस, ते ऐकलं. परवाचा एक शब्द बोललीस तर परवा मला त्या खुर्चीवरून उठावं लागेल. खटल्याचं आधी कानावर आलं की न्यायाधीशानं तो ऐकायचा नाही, तूच लिहिलंयस ते कलम. जा घरी."

धाकटी उठली. दारात जाऊन परत वळली. "मग उद्या होणार आहे का समारंभ?"

"हा झगा आखूड करते आहे तो काय हौस म्हणून?"

घरी आई अर्ज उशाशी घेऊन बसली होती. धाकटीनं तिला सगळं सांगितलं, कारण आईपासून काही लपवलं तरी ते तिला चपला काढण्याच्या आवाजावरून कळायचं. आईनं ऐकून घेतलं आणि मग तोंड सोडलं. "सांगून आलीस? सख्खा भाऊ आत खोकतोय आणि तू चूक कबूल करत दारोदार फिरतेस? तुला कुणी विचारलं होतं का? आला मोठा हरिश्चंद्र." मग आवाज उतरला. "मला त्याला एकदा धडधाकट बघायचंय गं. त्या बाई करतील ना काहीतरी?"

"माहीत नाही, आई," धाकटी म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. पानात वाढलेलं दोघींनी तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. आधी थोरल्या बाईंनी शपथ घेतली, अजून राष्ट्राध्यक्ष न झालेल्या राष्ट्राध्यक्षांसमोर. मग त्यांनी घेतली बाईंसमोर. टाळ्या पडल्या, वादक वाजवायला लागले, आणि बाई पुन्हा पुढे आल्या. वादकांना हातानं थांबवलं आणि तीच शपथ पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसऱ्यांदा म्हणाल्या. लोक हसले. संध्याकाळच्या रेडिओवर एकानं विनोदही केला, की म्हातारपणी विसरायला होतं, त्यात सरन्यायाधीशांचा काय दोष. धाकटी मागच्या रांगेत हाताची नखं तळव्यात रुतवून उभी होती. तिला कळलं होतं. या खेपेला समोर शपथ घेतलेले राष्ट्राध्यक्ष होते, बाईंनी शिवण दुहेरी घातली होती. पण भोक होतं तिथंच होतं, कारण ज्यानं दुसरी शपथ ऐकली तोच बाईंच्या पहिल्या शपथेवर उभा होता.

सर्वोच्च न्यायालयाला इमारत नव्हती. त्यांना टपालखात्याचं जुनं वर्गवारीचं सभागृह दिलं होतं, जिथं पूर्वी पत्रं गावागावांप्रमाणे निवडली जायची. भिंतभर लाकडी खणांच्या ओळी, त्यांवर गावांची नावं अजून तशीच. निवडणाऱ्यांच्या उंच ओट्यावर पाच खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतल्या मधल्या खुर्चीवर थोरल्या बाई बसल्या तेव्हा त्यांचे पाय जमिनीला टेकेनात, मग कुणीतरी खाली एक खोकं सरकवलं.

पहिला अर्ज पुकारला गेला. आई उभी राहिली. वकील केला नव्हता, कलमात वकिलाची अट नव्हती. "मी त्याची आई," ती म्हणाली. "त्याला का ठेवलंय ते मला कुणी सांगत नाही. तुम्ही विचारा, असं पुस्तकात लिहिलंय, म्हणून आले." आणि खाली बसली. धाकटीनं तिचा हात धरला.

सरकारी वकील उठला. माणसं तीच होती, पाट्या तेवढ्या नव्या. हंगामी मंडळाचे गृहमंत्री आता राष्ट्राध्यक्षांचे गृहमंत्री होते, आणि त्यांचा वकीलही तोच होता. त्याच्या हातात घटनेची प्रत होती आणि तिच्यात दोन ठिकाणी खुणेच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या. चिठ्ठ्या बघताच धाकटीला कळून चुकलं. समारंभवाल्यानं त्यालाही खुर्च्यांचं विचारलं होतं तर.

"माझा एक प्राथमिक आक्षेप आहे," वकील म्हणाला, आणि सगळं मांडलं. आवाज चढवला नाही, कुणाचा अपमान केला नाही. एक कलम वाचलं, दुसरं वाचलं. सरन्यायाधीशांनी शपथ घेतली ती अशा गृहस्थांसमोर जे तेव्हा राष्ट्राध्यक्ष नव्हते. तेव्हा ती शपथ नव्हे, आणि तिच्यावर टेकलेली दुसरीही नव्हे. बाकीच्या चार न्यायाधीशांनी शपथ घेतली ती या बाईंसमोर, तेव्हा तीही नव्हे. म्हणून हे न्यायालय घटनेप्रमाणे अस्तित्वात आलेलं नाही, आणि हा अर्ज इथं चालू शकत नाही.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. आईनं विचारलं, "काय म्हणतोय तो?" एक वाक्य धाकटीच्याच हातचं होतं, दुसऱ्याखाली तिची सही होती, आणि त्यांनी दादाला वाळवंटात पाठवायची तयारी चालली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

थोरल्या बाईंनी खोक्यावरचे पाय जरा नीट केले. "आक्षेप समजला," त्या म्हणाल्या. "वकीलसाहेब, राष्ट्राध्यक्षांनी शपथ कुणासमोर घेतली?"

"आपल्यासमोर."

"मी सरन्यायाधीश नसेन तर ती शपथ झाली का?"

वकील थांबला. त्याला आदेश होता न्यायालयावर बोट ठेवण्याचा. उरलेली बोटं कुणाकडे वळतात ते त्यानं बहुधा पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल आणि गृहमंत्र्यांना सांगायची हिंमत झाली नसेल. "तो मुद्दा आज आपल्यापुढे नाही," तो म्हणाला.

"तुम्हीच तर आणलात. ती शपथ झाली नसेल तर राष्ट्राध्यक्ष नाहीत. राष्ट्राध्यक्ष नसतील तर त्यांनी नेमलेले गृहमंत्री नाहीत. मग आज तुम्ही इथं कुणाच्या वतीनं उभे आहात?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. वकिलानं प्रत मिटली, उघडली, पाणी प्यायलं. शेवटी म्हणाला, "या प्रश्नाचा निर्णय व्हायला हवा, एवढंच माझं म्हणणं."

"कुणी करायचा?"

उत्तर एकच होतं, याच न्यायालयानं, आणि ते त्याला देता येत नव्हतं. त्यानं मान खाली घातली. पाचही न्यायाधीश उठून मागच्या, एके काळी टपालाच्या थैल्या ठेवायच्या खोलीत गेले.

ते आत होते तो वेळ धाकटीच्या आयुष्यातला सगळ्यात लांब. वादात हरवणं वेगळं आणि न्याय वेगळा, हे तिला ठाऊक होतं. बाईंनी वकिलाला गप्प केलं होतं, पण भोक बुजलं नव्हतं. पाचांतल्या एकालाही भीती वाटली, घरदार आठवलं, तर ते सांगतील की आम्ही खरंच न्यायालय नाही, आधी संसदेनं दुरुस्ती करावी. ते शहाणपणाचंही दिसलं असतं. भिंतीवरच्या खणांवरची गावांची नावं ती वाचत बसली. एकही डोक्यात शिरलं नाही.

ते परत आले. बाईंनी कागदाकडे न बघता सांगितलं.

"घटनेनं म्हटलं आहे की या देशाला एक सर्वोच्च न्यायालय असेल. शपथा नीट पार पडल्या तर असेल, असं म्हटलेलं नाही. न्यायालय लोकांनी त्या वाक्यानं उभं केलं. शपथ आम्हाला बांधून ठेवते, जन्म देत नाही. लिहिण्यात चूक झाली आहे, ती उघड आहे, संसदेनं ती दुरुस्त करावी. मात्र लिहिणाऱ्यांच्या चुकीची शिक्षा कोंडलेल्या माणसाला देता येणार नाही. उद्या न्यायालय बसेल तेव्हा त्या माणसाला आमच्यासमोर उभं करावं, आणि का कोंडलं ते सरकारनं सांगावं."

धाकटीचे कान तापले. सगळ्या सभागृहानं आपल्याकडे बघितलं असं तिला वाटलं, खरं तर कुणीच बघितलं नव्हतं. तोंड लपवण्याइतकी लाज आणि रडण्याइतका आनंद एकाच वेळी झाला की माणूस नुसतं बसून राहतं, तशी ती बसली.

आई म्हणाली, "म्हणजे आणतील का उद्या?"

इथं खरी काळजी सुरू झाली. आदेश टंकून झाला, पाचही जणांनी सह्या केल्या, आणि एक शिपाई तो पिशवीत घालून सायकलवरून तुरुंगाकडे निघाला. न्यायालयाची फौज ती एवढीच. तुरुंगाला उंच भिंत होती, बंदूकवाले होते, आणि गृहमंत्र्यांचा फोन होता. देशातल्या प्रत्येक अधिकाऱ्यानं सर्वोच्च न्यायालयाला मदत करावी, असं धाकटीनं लिहून ठेवलं होतं. पण न केली तर काय, ते तिनं लिहिलं नव्हतं, कारण तिला सुचलंच नव्हतं काय लिहावं.

संध्याकाळी वरचा घरी आला. कुंडी घेऊन आला होता, कुणाकडे जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून. "तुकडी उद्या पहाटे हलवणार असं ऐकलं," तो म्हणाला, आणि हे सांगायला आलो नव्हतो असं लगेच म्हणाला. आईनं त्याला चहा दिला.

सकाळी सभागृह कालच्याहून जास्त भरलं होतं. न्यायाधीश आले, बसले. बाईंनी विचारलं, "कैदी?"

सरकारी वकील उठला. "मला कसलीही सूचना मिळालेली नाही."

"थांबू," बाई म्हणाल्या, आणि हात बांधून बसल्या. दुसरं काम पुकारू दिलं नाही. खुर्च्या कुरकुरत होत्या, बाहेर रस्त्यावर गाड्या येत होत्या आणि न थांबता जात होत्या. प्रत्येक गाडीला आईची मान दाराकडे वळायची. धाकटीनं दाराकडे बघणं सोडून दिलं. तुकडी गेली असेल. आता गाडी कुठल्या रस्त्याला लागली असेल, त्याचा हिशेब ती मनात करत होती आणि स्वतःला थांबवत होती. बाईंचा चेहरा दगडासारखा होता, पण त्यांच्या हाताची बोटं झग्याच्या कडेशी चाळा करत होती, आणि ते बघून धाकटीला पहिल्यांदा कळलं की बाईही घाबरल्या आहेत.

एक गाडी थांबली.

दारातून आधी तुरुंगाधिकारी आला. जाडजूड, घामेजलेला, गणवेशाचं वरचं बटण निसटलेलं. त्याच्या मागे दोन पहारेकरी, आणि त्यांच्या मधे दादा. वाळला होता, दाढी वाढली होती, पण चालत होता. आई उभी राहिली.

"उशीर झाला, माफ करा," तुरुंगाधिकारी म्हणाला. अशा ठिकाणी कसं बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं. "खरं सांगायचं तर आणायचं नाही असाच वरून निरोप होता. फोनवर. याला गाडीत चढवलाही होता, तिकडं पाठवायला. मी म्हटलं, साहेब, हे लेखी द्या, उद्या मला कुणी विचारलं तर मी नाव कुणाचं सांगू? तर कुणी नाव देईना. एकानं दुसऱ्याकडे दिला फोन, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तुमच्या कागदावर पाच नावं होती. खाली सह्या होत्या." त्यानं कपाळ पुसलं. "मला दोन पोरी आहेत. मी नावं असलेला कागद धरला."

बाईंनी मान हलवली. मग सरकारी वकिलाकडे वळल्या आणि विचारलं, जे विचारण्यासाठी ही सगळी खटपट होती. "याला का कोंडलं आहे?"

वकील उभा राहिला. फाइल उघडली. पानं उलटली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फाइलमध्ये "पुढील आदेशापर्यंत" याखेरीज काही नव्हतं, आणि ते मोठ्यानं वाचायची त्याला लाज वाटली असावी. "सांगण्यासारखं काही नाही," तो म्हणाला.

"मग सोडा."

पहारेकरी बाजूला झाले. दादा मात्र तिथंच उभा राहिला. त्यानं न्यायाधीशांकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं नाही. सवयीनं मान वळवून त्यानं तुरुंगाधिकाऱ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "साहेब, परत कधी यायचं?"

तुरुंगाधिकाऱ्यानं ओट्याकडे बघितलं. थोरल्या बाई खुर्चीवर पुढे सरकल्या.

"परत यायचं नाही," त्या म्हणाल्या.

दादानं ते ऐकलं की नाही कळेना. तो हलला नाही. तेव्हा धाकटी उठली, बाकांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली आणि लहानपणी तो तिला रस्ता ओलांडून न्यायचा तसा त्याचा हात धरून त्याला दाराकडे घेऊन चालली.